खुर्चीचा उजवा हात

ज्या खुर्चीविषयी मला लिहायचे आहे ती मुळात आमची नव्हती. अण्णा, म्हणजे माझे वडील, ज्या शाळेत संस्कृत शिकवीत असत तेथील मुख्याध्यापकांच्या खोलीत ती कित्येक वर्षे होती. शाळेत नवे सामान आले तेव्हा जुन्यातली ही एक अण्णांनी मागून घेतली आणि एका हमालाच्या डोक्यावरून मुलुंडच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडी आणवली. सागवानी, वेताच्या बैठकीची, रुंद हातांची. आणली ती आत्यासाठी. आत्या अण्णांची थोरली बहीण; वैधव्यानंतर ती आमच्याकडेच असे. तिचे गुडघे गेले होते. पाटावर बसली की उठताना दोघांनी धरावे लागे, आणि सोवळ्यात असताना तिला धरायचे कोणी, हा रोजचा पेच होता. त्या वर्षी चातुर्मासात लक्ष जप करण्याचा तिने संकल्प सोडला होता. म्हणून ती खुर्ची तीन वेळा धुतली गेली, तिच्यावर गोमूत्र शिंपडले गेले आणि दोन दिवस उन्हात वाळल्यावर ती देवघरासमोर मांडण्यात आली. आत्या तीवर पहिल्यांदा बसली आणि आईला म्हणाली, "हेडमास्तर झाले गं, सुमती. आता एक छडी तेवढी आण." आई हसली. अण्णाही हसले असावेत. त्यांनी तोंड देवाकडे वळवले होते.

आमच्या घराच्या मागच्या खिडकीतून मिठागरे दिसत. दुपारी तिकडून जो वारा येई त्याने पितळेच्या समया आठवड्यात काळवंडत, दाराच्या कड्या गंजत, आणि पापड कितीही डब्यात कोंडले तरी मऊ पडत. आत्या त्या वाऱ्याला 'खारा पाहुणा' म्हणे. खालून, तळमजल्यावरून, रघुनाथ मेस्त्रींच्या रंध्याचा आवाज येई. मेस्त्री मालवणकडचे, राहत्या खोलीसमोरच्या पडवीत त्यांचे सुतारकाम चाले. सकाळी अण्णांचे मंत्रपठण आणि मेस्त्रींचा रंधा एकाच वेळी सुरू होत, आणि मला तर लहानपणी वाटे की त्या दोहोंचा काही ठरलेला ताल आहे. रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरातून मासे तळल्याचा वास वर येई. आत्या खिडकी लावून घेई, आणि लावता लावता म्हणे, "आज बांगडा दिसतोय." ती ते कसे ओळखते हे तिला विचारण्याचे धैर्य घरात कोणालाही नव्हते. आमच्याकडे चार महिने कांदा-लसूण-वांगे वर्ज्य. वरण, भात, अळूचे फदफदे, भोपळ्याचे भरीत आणि शनिवारी साबुदाण्याची खिचडी, इतक्यावर आम्ही तृप्त असू.

आत्या उठताना दोन्ही हातांवर भार टाकून उठे, त्यातही उजव्यावर अधिक, कारण डावे मनगट तिचे पूर्वीच अधू झाले होते. आषाढ संपण्यापूर्वीच तो उजवा हात करकरू लागला. हाताचे मागचे टोक पाठीच्या खांबातून आरपार आलेल्या दोन स्क्रूंनी त्या खांबाला जखडलेले होते. मी पेचकस घेऊन ते आवळायला गेलो, तर दोन्ही नुसते फिरत राहिले. फिरत राहिले आणि कोठेच थांबले नाहीत. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. घरातील पोथ्या शिवणे, त्यांना खळ लावून पुठ्ठे चढवणे, घंटेचा लोलक बसवणे अशी कामे माझ्याकडे असत आणि त्यांचा मला अभिमान होता. या स्क्रूंपुढे मात्र माझे काही चालेना, तेव्हा अण्णांनी मेस्त्रींना वर बोलावले.

मेस्त्री उंबऱ्याबाहेरच थांबले. खुर्ची मी बाहेर गॅलरीत आणून दिली. त्यांनी स्क्रू काढून भोकात काडी घातली, डोळा लावला आणि म्हणाले, "मास्तरानू, स्क्रू भोकाक धरणा नाय, लाकडाक धरता. हय लाकूडच ऱ्हवाक नाय." भोके गिरमिटाने मोठी करून त्यांत सागाच्या खुंट्या सरस लावून ठोकायच्या, एक दिवस-रात्र हात लावायचा नाही, मग त्या खुंट्यांत नवे स्क्रू पिळायचे, हात जन्मात हलणार नाही, असे त्यांनी सांगितले.

अण्णा 'सरस' या शब्दाशी थांबले. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडे उकळून केलेला चिकट रस, हे त्यांना ठाऊक होते. ज्या आसनावर बसून जप व्हायचा त्याच्या अंगात ते असणे त्यांना मान्य होईना.

"तो जुनो सरस," मेस्त्री म्हणाले. "मी पांढरो वापरतंय. कारखान्यात करतत. त्यात हाड-बीड काय नाय."

"कारखान्यात काय शिजते ते तुम्ही पाहिले आहे?"

"नाय, मी कित्या बघू?"

"मग ज्याची खात्री नाही ते देवापुढे नको. सरसावाचून करा."

मेस्त्रींनी स्क्रू माझ्या हातावर ठेवले. "सरसाशिवाय मी हात लावचंय नाय, मास्तरानू. उद्या बाय पडली तर नाव माझा जातला." असे म्हणून ते खाली गेले. अण्णांना त्यांचा राग आला नाही. ते म्हणाले, "त्याच्या धर्माने तो बरोबर आहे." मग माझ्याकडे वळून, "तू बघ काही जमते का."

मी मेस्त्रींच्या मागे खाली गेलो आणि पुष्कळ विनवण्या केल्या. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "आण ती खुर्ची." मी ती खाली नेली. भोके त्यांनी स्वतः मोठी केली, आतला गंज आणि भुसा टोच्याने खरवडून काढला, दोन खुंट्या तासून त्यांची टोके किंचित निमुळती केली आणि प्रत्येक भोकात अर्धी घालून दाखवली. ठोकण्याचे तेवढे ठेवले. मग एका लहान कुपीत पांढरा सरस ओतून ती कुपी माझ्या सदऱ्याच्या खिशात घातली. "वर नेऊन लाव. भोकातय लाव, खुंटेकय लाव. आणि बापाशीक जेवढा सांगूचा नाय तेवढा सांगू नको." ते डोळे मिचकावून हसले. मीही हसलो. जिना चढताना खिशातली ती कुपी माझ्या छातीला लागत होती.

आत्या दुपारी निजली होती, अण्णा शाळेत गेले होते. मी खुर्ची देवघरासमोर आडवी ठेवली, कुपीचे बूच काढले आणि तो सरस हुंगला. त्याला आंबूस वास होता. आज मला माहीत आहे की त्या वासाचा कोणत्याही जनावराशी काही संबंध नाही. तेव्हा माझ्या मनात एकच आले, की आत्या चार महिने या हातावर हात ठेवून नाम घेणार, आणि तिला न सांगता मी तिच्या लक्ष जपाखाली काय घालतो आहे. समोर समई होती. मी उठलो आणि सगळी कुपी मोरीत ओतून वर दोन तांबे पाणी घातले. मग स्वयंपाकघरात जाऊन आईकडे खळ मागितली. तिने विचारले, "पोथीला का रे?" मी म्हणालो, "हो." तिने मैद्याची दाट खळ शिजवून दिली.

माझा तर्क वरवर पाहता निर्दोष होता. आमच्या घरातील पोथ्यांचे पुठ्ठे खळीनेच चिकटवलेले होते आणि त्यांतले काही अण्णांच्या आजोबांच्या हातचे होते. जे ज्ञानाला धरून ठेवते ते एका खुर्चीच्या हाताला धरणार नाही काय, असा मी विचार केला. पोथीवर कोणी भार टाकून उठत नाही, हे माझ्या ध्यानात आले नाही. खळ भरून मी खुंट्या ठोकल्या, वाढलेली टोके कापली आणि दुसऱ्या दिवशी स्क्रू पिळले. ते असे घट्ट बसले की शेवटचा अर्धा फेरा घेताना माझी बोटे लाल झाली. आत्याने हातावर भार देऊन पाहिला. "शहाणा गं माझा वामन," ती म्हणाली. भोके आणि खुंट्या मेस्त्रींच्या हातच्या, हे मी अण्णांना सांगितले. त्यांनी विचारले, "सरस नाही ना?" मी म्हणालो, "नाही." हे खरे होते. संध्याकाळी जिन्यात मेस्त्री भेटले. "लावलंस मा?" त्यांनी हळूच विचारले. मी म्हणालो, "लावला."

इतक्या वर्षांनी मागे पाहताना मला त्या दोन उत्तरांपैकी पहिल्याचीच अधिक भीती वाटते. दुसरे खोटे होते आणि ते खोटे आहे हे मला तेव्हाही कळत होते. पहिल्याने मला पुण्य लाभल्यासारखे वाटले.

आता मी बोरिवलीला मुलाकडे चौदाव्या मजल्यावर राहतो. येथील कपाटे दाबलेल्या भुशाची. दोन वर्षांत बिजागऱ्यांची भोके ढिली होतात. सूनबाई म्हणते, "बाबा, कशाला खटपट करता, नवीन घेऊ ना." मी ऐकत नाही. खुंट्या तासतो, पांढरा सरस लावतो आणि पूर्ण एक दिवस-रात्र त्या कपाटाला कोणाला हात लावू देत नाही. घरात याला माझा हट्ट म्हणतात आणि मी त्यांना तसे म्हणू देतो.

खुर्चीचा तो हात श्रावणभर टिकला. भाद्रपदात मात्र हवा अशी ओलसर झाली की भिंतीला लावलेले पंचांग फुगले. आत्याचा जप निम्म्याहून पुढे गेला होता. त्या दिवशी वामनद्वादशी होती, म्हणजे ज्याच्यावरून माझे नाव ठेवले त्याचा दिवस. आईने पुरण घातले होते आणि नैवेद्याचे पान वाढून झाले होते. आत्या जप आटोपून नैवेद्याला हात जोडण्यासाठी उठू लागली. मी दारात होतो. आवाज फारसा झाला नाही. लाकूड मोडण्याचा तर नाहीच. काहीतरी ओल्या जागेतून निसटावे तसा एक लहानसा आवाज, आणि उजवा हात खांबापासून सुटून तिच्यासकट खाली आला. ती पडल्यावर प्रथम काय म्हणाली तर, "शिवू नका, मी सोवळ्यात आहे." आई तिला शिवली. त्याबद्दल आईला कोणी काही बोलले नाही, इतके तरी त्या घराविषयी सांगितले पाहिजे.

खुब्याचे हाड मोडले होते. त्या वयात ते नीट जुळणार नाही, असे डॉक्टरांनी इस्पितळाच्या व्हरांड्यात अण्णांना सांगितले. आत्या त्यानंतर कधीच चालली नाही. दोन वर्षे ती खाटेवर होती.

तिला इस्पितळात नेले त्याच संध्याकाळी सारी बिल्डिंग गॅलरीत जमली होती. शेजारच्या कुसुमताई, ज्यांनी मुलीच्या लग्नाचे कपाट मेस्त्रींना करायला दिले होते, मोठ्याने म्हणाल्या, "मेस्त्रीनेच दुरुस्त करून दिलेली ना खुर्ची? वाट लागली बिचाऱ्या आत्याबाईंची." मेस्त्री बातमी ऐकून वर आले होते. अण्णा इस्पितळातून थकून परतले होते. त्यांनी आयुष्यात कोणाला टाकून बोलल्याचे मला आठवत नाही. ते मेस्त्रींना एवढेच म्हणाले, "तुम्ही भोके केलीत, खुंट्या तुम्ही दिल्यात. मला वाटले तुम्हांला काम येते."

मेस्त्री खुर्चीपाशी बसले. दोन्ही स्क्रू खांबात जसेच्या तसे होते आणि त्यांच्यावर दोन्ही खुंट्या घट्ट अडकलेल्या होत्या. स्क्रूने खुंटीला धरले होते. खुंटीला कोणी धरले नव्हते. त्यांनी एका खुंटीवरून बोट फिरवले. बोटाला ओलसर पांढरे कण लागले. ते बोट त्यांनी जिभेला लावले. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिले, फार वेळ नाही, एखादी फळी सरळ आहे की नाही हे पाहायला लागतो तेवढाच वेळ. आणि उठून अण्णांना म्हणाले, "चुकला माझा, मास्तरानू."

मी बोललो नाही. त्यांनी तसे का म्हटले याचा मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. खरे सांगितले असते तर मास्तरांना फसवून सरस पाठवला होता हेही त्यांना सांगावे लागले असते. कदाचित ते कारण असेल. कदाचित माझे तोंड पाहून त्यांना दया आली असेल. कुसुमताईंनी दुसऱ्याच दिवशी कपाटाचे काम काढून घेतले. मग समोरच्या बिल्डिंगीतल्या पलंगाचे गेले. रंधा सकाळी उशिरा सुरू होऊ लागला आणि लवकर थांबू लागला, आणि अण्णांचे पठण मला एकटे ऐकू येऊ लागले.

महिन्याने आत्या घरी आली. एकदा आई बाहेर गेली असता मी तिच्या उशाशी बसून सगळे सांगितले. तिने डोळे मिटले होते. मला वाटले झोपली. मग ती म्हणाली, "वामन्या, मला विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, लाव मेल्या. माझा जप काय खुंटीला टांगलाय?" डोळे उघडून पुढे म्हणाली, "मला सांगून काय होणार? माझं पडायचं ते पडून झालं. त्या मेस्त्रीचं रोज पडतंय. त्याचं नाव सगळ्यांपुढे गेलं, ते सगळ्यांपुढे दे."

मी आधी अण्णांकडे गेलो. ते संध्येला बसण्याच्या बेतात होते. मी सांगत असता त्यांचा चेहरा हळूहळू निवळत गेला, आणि हे मला अपेक्षित नव्हते. "म्हणजे सरस मोरीत ओतलास," ते म्हणाले. "ते योग्यच केलेस. असत्य बोललास तेवढा दोष. एक दिवस निर्जळी उपवास कर आणि सहस्र गायत्री." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आजही मी त्यांच्याच शिकवणीवर जगतो, रोज त्यांच्याच स्वरात संध्या करतो. पण त्या हाताचे वजन आठवले की मला आसनावर स्थिर बसवत नाही.

"आणि मेस्त्री?" मी विचारले.

"त्याने मला फसवू पाहिले, वामन. ते त्याला कळले आहे, म्हणून तो गप्प आहे."

उपवासाच्या दिवशी सकाळीच गायत्री संपवून मी दुपारी खाली गेलो. पडवीत लाकूड नव्हते. मेस्त्री उंबऱ्यात बसून करवतीला धार लावत होते. मी उभ्यानेच बोललो, की खळ लावली ती मी, खोटे बोललो तो मी. ते धार लावतच राहिले.

"ता माका तेवाच कळला. मैदो माका कळना नाय?" मग आत वळून पत्नीला म्हणाले, "मास्तरांचो झील इलोहा, वामन. चाय टाक."

"मला नको," मी म्हणालो. "आज माझा उपवास आहे."

"आज कसलो उपास?"

मला सांगावे लागले. तुमच्याशी असत्य बोललो म्हणून अण्णांनी दिलेले प्रायश्चित्त आहे, दिवसभर पाणीही घ्यायचे नाही. मेस्त्रींनी करवत बाजूला ठेवली आणि प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले. त्यांना हसू येत होते, आणि ते हसू काही चांगले नव्हते.

"म्हणजे माझ्याकडे खोटा बोललंस, त्याचो उपास. आणि उपास म्हणान माझ्या घरची चाय नको. बरा हा." त्यांच्या पत्नीने कप माझ्यासमोर ठेवला. "आता ऐक. तुका खराच काय करूचा आसात तर वर जा, गॅलरेत उभो ऱ्हव, आणि सगळ्यांका आयकाक जायत असा सांग, मेस्त्रीन सरस दिल्लो, मी ओतलंय. नायतर ही चाय पी आणि घराक जा. दोनातला एक कर. माझा काय म्हणणा नाय."

आमच्या घरातील कोणी त्या घरात पाण्याचा थेंब घेतलेला नव्हता. कपातून वाफ येत होती. वरच्या मजल्यावर कुसुमताई कोणाला तरी हाका मारीत होत्या. मी स्वतःला गॅलरीत उभा पाहिला, कठड्याला धरून, सगळी दारे उघडलेली. आणि माझ्या पाठीशी आमच्या दारात अण्णा उभे असलेले पाहिले. मग मी खाली बसलो आणि कप उचलला. चहात आले होते आणि साखर फार होती. मी शेवटचा घोट घेईपर्यंत मेस्त्री माझ्याकडे पाहत राहिले.

"सोपा होता ता केलंस," ते म्हणाले, आणि करवत पुन्हा मांडीवर घेतली.

उपवास मोडल्याचे मी अण्णांना त्याच संध्याकाळी सांगितले. कोठे आणि कसा, हेही सांगितले. त्यांनी मला स्नान करायला लावले आणि उपवास दुसऱ्या दिवशी पुन्हा धरायला सांगितला. मी तो धरला. त्यानंतर काही आठवड्यांनी मेस्त्रींचे सामान एका हातगाडीवर चढले. दहिसरला कोणाच्या तरी कारखान्यात ते रोजंदारीवर जात होते. मी गॅलरीत होतो. कुसुमताई कठड्यावर ओणवून खाली पाहत होत्या, आणखी चार-पाच बिऱ्हाडांतली माणसेही बाहेर आली होती.

"काय रे वामन, कोण चाललं?" त्यांनी विचारले.

"मेस्त्री," मी म्हणालो.

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

सगळे तेथेच होते. मी आत आलो.